हातात विरलेली बादली

आज सकाळपासून एकच चित्रफीत मला चार जणांनी पाठवली. दोन जहाजे भरसमुद्रात भलेमोठे जाळे ओढत आहेत, प्लास्टिकचा ढीग डेकवर कोसळतो आहे आणि खाली लिहिले आहे, ‘आता समुद्र स्वच्छ होणार’. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे जाणूनही मला मनस्वी संताप आला.

गेल्या वर्षी किनारा-सफाईच्या वेळी वाळूत अर्धी रुतलेली एक निळी बादली मी काठाला धरून उचलली, तर उन्हाने ठिसूळ झालेला तो काठ सुकलेल्या पानासारखा चुरून माझ्या बोटांत आला. मग तासभर गुडघ्यांवर बसून मी चाळणीने निळे कण वेगळे करत राहिलो आणि एका लाटेने त्यातले निम्मे परत नेले. ही एका बादलीची कथा!

पाच मिलिमीटरहून लहान असे कण वेचायला जाळे विणायचे ठरवले, तर त्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही, अडकणार. पॅसिफिक महासागरात जिथे तरंगते प्लास्टिक साचते त्या कचरापट्ट्यात, ते अडवायला २०१८ साली सोडलेल्या पहिल्या तरंगत्या बांधातून तर गोळा झालेले प्लास्टिक पुन्हा निसटत होते, आणि डिसेंबरात त्याचा १८ मीटरचा तुकडाच सुटला. पुढची यंत्रणा सुधारली, आणि त्या पट्ट्यातल्या प्लास्टिकच्या वजनात जवळपास निम्मा वाटा असलेली मासेमारीची जाळी ओढून काढली तर कासवे वाचतील, एवढे मी मान्य करतो.

पण नदीच्या मुखाशी, प्लास्टिक अजून धड असतानाच, ते अडवणे किती सोपे आहे! अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदरात २०१४ पासून प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर चालणारे एक चाक मुकाट्याने कचरा उचलते आहे, त्याची चित्रफीत मात्र मला कोणी पाठवत नाही. त्याहून चीड येते ती प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जमलेल्या देशांची. मुळात प्लास्टिक कमी बनवायचे की नाही या प्रश्नावर अडून ते करार न करताच पांगले. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचे कौतुक आपण किती दिवस करणार?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण त्या चौघांपैकी एक जण त्या दिवशी माझ्याशेजारी चाळणी धरून बसला होता. मित्रा, पुढच्या वेळी आपण किनाऱ्यावर न जाता ओढ्याच्या तोंडाशी जाऊ. तिथे बादली अजून अख्खी हाताला लागते.