जहाज धक्क्याला लागतं तेव्हा शहरात कोण राहत असतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरला नवीन क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर त्याचेच फोटो फिरत होते. एकावेळी ५ जहाजं लागणार, वर्षाला १० लाख प्रवासी, आता आपली मुंबई पण सिंगापूरसारखी वगैरे. त्याच्या महिनाभर आधी त्याच ग्रुपवर वेगळे फोटो होते, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या त्याचे, आणि त्या कुटुंबांत माझी मावशी होती. टर्मिनलवरून वाद झाला तो पर्यावरण की रोजगार असा, आणि चाळीवरून झाला तो जुनी आपुलकी की ५०० फुटांचं स्वतःचं घर असा. दोन्ही वाद वेगवेगळे चालले, वेगवेगळ्या लोकांचे. मी इथे बार्सिलोनात राहतो आणि मला ते दोन वाद वेगळे वाटतच नाहीत, का ते सांगतो.

मी राहतो तो भाग म्हणजे पोब्ले-सेक, मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशी. टेकडी चढून किल्ल्याकडे गेलं की खाली अख्खं बंदर दिसतं आणि उन्हाळ्यात तिथे क्रूझ ओळीने उभ्या असतात, एकेक जहाज आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बिल्डिंगपेक्षा उंच. २०२४ मध्ये या बंदरातून साडेछत्तीस लाखांच्या वर क्रूझ प्रवासी गेले आणि शहराची स्वतःची लोकसंख्या आहे साधारण १७ लाख. सकाळी जहाज लागतं, बसेस भरभरून लोक कोलंबसच्या पुतळ्यापाशी उतरतात, रांबला रस्त्याने वर जातात, बोकेरिया मंडईत फोटो काढतात, संध्याकाळी परत. जेवण जहाजावर, झोप जहाजावर. त्या मंडईत पूर्वी मासे, भाजी, कडधान्य घ्यायला आसपासच्या बायका यायच्या, आता पुढच्या गाळ्यांवर प्लास्टिकच्या ग्लासात कापलेली फळं आणि ज्यूस ठेवलेले असतात कारण चार तासांसाठी आलेला माणूस अख्खा मासा घेऊन करणार काय? मासेवाले अजून आहेत, पण आतल्या बाजूला, आणि गर्दी इतकी की महापालिकेला गर्दीच्या वेळी मोठ्या टूर ग्रुपना आत सोडायला बंदी घालावी लागली.

आता धुराचं. जहाज धक्क्याला उभं राहिलं म्हणजे बंद झालं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. मेन इंजिन थांबतं, पण आतली हजारो माणसं, एसी, किचन, लॉन्ड्री, पूल, थिएटर हे सगळं चालवायला जहाजाचे स्वतःचे जनरेटर दिवसभर चालू असतात, म्हणजे एक छोटं गाव शहराच्या दाराशी येऊन स्वतःची वीज तेल जाळून बनवतं. आणि ते तेल कसलं? आपल्याकडे एप्रिल २०२० पासून गाड्यांसाठी बीएस-६ दर्जाचं डिझेल आलं, त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. जहाजांच्या इंधनाला त्याच वर्षापासून जागतिक मर्यादा आहे ०.५ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम. पाचशे पट! युरोपात बंदरात उभ्या जहाजाला ०.१ टक्क्याची अट आहे आणि १ मे २०२५ पासून अख्ख्या भूमध्य समुद्रालाच ती लागू झाली, पण तेही आपल्या स्कूटर-ट्रकच्या इंधनाच्या शंभर पट. काही जहाजं स्क्रबर लावतात, धूर पाण्याने धुऊन काढतात आणि ते आम्लयुक्त पाणी समुद्रात सोडतात, म्हणजे हवेतली घाण पाण्यात गेली एवढंच. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या पाहणीत २०२२ साली क्रूझच्या प्रदूषणात युरोपातलं सगळ्यात वाईट बंदर बार्सिलोना निघालं होतं.

सांडपाण्याचे नियम वाचले तर अजून धक्का बसतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे (म्हणजे साधारण २२ किलोमीटर) संडासाचं पाणी प्रक्रिया न करता सोडता येतं, ३ मैलांच्या पुढे प्राथमिक प्रक्रिया करून, आणि अंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं जे पाणी असतं त्याला त्या जागतिक नियमात जागाच नाही. आपल्या कोळ्यांच्या छोट्या बोटी जाळी टाकतात त्या याच पट्ट्यात. हे लिहिलं की कोणीतरी म्हणणारच की मुंबईचंच सांडपाणी समुद्रात जातं त्यापुढे एका जहाजाचं काय, आणि ते खरंच आहे, शहराचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण आधीच आजारी असलेल्या खाडीला आणखी त्रास द्यायला ते कारण होऊ शकत नाही ना.

तरी बार्सिलोनाने काहीतरी केलं. जुलै २०२५ मध्ये महापालिका आणि बंदर यांच्यात करार झाला, ७ क्रूझ टर्मिनलची २०३० पर्यंत ५ करायची, जुनी तीन पाडून तिथे एक नवीन बांधायचं आणि जहाजांना धक्क्यावरूनच वीज द्यायची, म्हणजे जनरेटर बंद ठेवता येतील. त्याआधी २०२४ च्या जूनमध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ टुरिस्ट फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर रिन्यू करणार नाहीत, कारण दहा वर्षांत भाडी ६८ टक्के वाढली. आमच्या ग्रुपवर यावर प्रतिक्रिया आली की बघा परदेशात सरकार कसं काम करतं. माझं म्हणणं नेमकं इथे वेगळं आहे. सरकारने आपणहून केलेलं नाहीये हे. इथे १९७० च्या दशकापासून, म्हणजे हुकूमशाही असल्यापासून, प्रत्येक वस्तीत रहिवाशांच्या संघटना आहेत आणि त्या वर्षानुवर्षं चिकाटीने मीटिंगा घेतात, पत्रकं वाटतात, पालिकेत जाऊन बसतात. जहाजांचा धूर हा विषय त्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी धरून ठेवला, नेत्यांनी नंतर उचलला.

आणि या संघटना जिथे लोक एकमेकांना ओळखतात तिथेच चालतात. आमच्या बिल्डिंगचंच सांगतो. जुनी बिल्डिंग आहे, एक जिना, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, चाळीसेक वर्षं इथेच, त्यांना कोणाचा मुलगा कुठल्या शाळेत आहे ते माहीत असतं, माझी एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांच्या समोरचं, खालचं आणि सगळ्यात वरचं, अशी तीन घरं टुरिस्ट फ्लॅट झालीत, दाराशेजारी आकड्यांची कुलूपपेटी, त्यातून किल्ली काढायची आणि आत जायचं, मालकाला भेटायची गरजच नाही. दर तीन-चार दिवसांनी नवीन माणसं. चांगली माणसं असतात हो, हसून 'ओला' (म्हणजे नमस्कार) म्हणतात, पण त्यांना जिन्यातला दिवा गेलाय याच्याशी काय करायचंय? वर्षातून एकदा बिल्डिंगची मीटिंग असते, त्या तीन घरांचे मालक कधीच येत नाहीत. मागच्या मीटिंगमध्ये आजींनी गॅलरीत बसणाऱ्या काळ्या भुकटीचा विषय काढला, त्या रोज फडक्याने कठडा पुसतात आणि फडकं काळं होतं. ते जहाजांमुळे की गाड्यांमुळे हे सांगणं कठीण आहे आणि त्या पण तसा दावा करत नाहीत, पण वस्तीच्या संघटनेकडे ते न्यायचं ठरलं आणि अर्जावर सह्या करायला आम्ही चारच घरं होतो. अजून दोन घरं टुरिस्ट फ्लॅट झाली की अर्ज लिहायला कोणी उरणार नाही. शहरात माणसं तेवढीच असतात, उलट जास्तच, पण तिथे राहणारी कमी होतात.

व्हेनिस हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत होते, आता ५० हजारसुद्धा नाहीत. २०१९ मध्ये एक क्रूझ जहाज तिथल्या धक्क्यावर येऊन आदळलं आणि शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांच्या वरच्या जहाजांना शहराजवळच्या ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आली. चांगलं झालं, पण बंदी आली तेव्हा शहरात लोक किती उरले होते? आणि जहाजं थांबली नाहीत, आजूबाजूच्या दुसऱ्या बंदरांना गेली.

म्हणून मला मावशीची काळजी वाटते. ती आनंदात आहे आणि तिने आनंदात असायलाच हवं. १६० चौरस फुटांच्या खोलीत तिने तीन मुलं वाढवली, पहाटे उठून कॉमन संडासच्या रांगेत उभी राहिली, पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली पातेली मांडली. जे लोक दुसऱ्या शहरात बसून चाळीच्या आठवणींनी गहिवरतात त्यांनी तिथे एक जून महिना राहून बघावं. पण फोनवर ती परवा म्हणाली, "अरे, मजल्यावर कोण राहतं ते अजून नीट कळलं नाही, दारं सगळ्यांची बंद असतात, लिफ्टमध्ये भेटलं तर भेटलं." आणि ही सगळी माणसं त्याच चाळींतून आलेली! चाळीत व्हरांडा होता, कॉमन नळ होता, मंडळ होतं, कोणाकडे डॉक्टर बोलवायचा असला तरी चार जण धावायचे आणि पाणी आलं नाही तर सगळे मिळून वॉर्ड ऑफिसला जायचे. टॉवरच्या प्लॅनमध्ये पार्किंगला जागा आहे, पण माणसं सहज समोरासमोर येतील अशी जागा किती ठेवली? हा प्रश्न आर्किटेक्टला, म्हाडाला विचारायला पाहिजे, पुढच्या इमारती अजून बांधायच्या आहेत तोवर.

शहरातला एकटेपणा हा फक्त मनाचा प्रश्न नाहीये. ब्रिटनने २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये, तिथे आरोग्याच्या दृष्टीने बघतात आणि ते बरोबरच आहे. पण एकटी पडलेली वस्ती स्वतःच्या हवेबद्दल, पाण्याबद्दल, किनाऱ्याबद्दल भांडू शकत नाही, हा त्याचा दुसरा परिणाम आहे आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. कुलाब्याचंच बघा, रेडिओ क्लबजवळच्या नवीन जेट्टीविरुद्ध तिथले रहिवासी हायकोर्टात गेले, जुलै २०२५ मध्ये कोर्टाने जेट्टीला परवानगी दिली, सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही. ते हरले, पण कोर्टाने जेट्टीवरच्या अँफिथिएटर आणि कॅफेच्या वापरावर अटी घातल्या, म्हणजे अर्ज करणारं कोणी होतं म्हणून निदान तेवढं तरी झालं. ससून डॉकच्या कोळणींचं, रे रोडजवळच्या दारूखाना वस्तीत राहणाऱ्यांचं काय? क्रूझ टर्मिनल त्यांच्याच बाजूच्या किनाऱ्यावर आहे. आणि क्रूझचा सीझन म्हणजे पावसाळा सोडून, त्यातही हिवाळा, जेव्हा मुंबईची हवा आधीच जड असते आणि पहाटेचा वारा पूर्वेकडून, म्हणजे बंदराकडून वस्तीकडे येतो.

क्रूझ नकोच असं माझं मत नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना बॅगा न उचलता समुद्र बघता येतो याचं महत्त्व मला कळतं. रत्नागिरी-गोव्याकडची कितीतरी मुलं या जहाजांवर किचनमध्ये, हाउसकीपिंगमध्ये आठ-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर राबतात आणि त्यावर गावाकडची घरं उभी राहतात. सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला क्रूझ भारत मिशन सुरू केलं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे ठरवलं, ते होणारच आहे. पण नॉर्वेने जागतिक वारसा असलेल्या फियॉर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये) १ जानेवारी २०२६ पासून छोट्या जहाजांना आणि २०३२ पासून मोठ्या जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली, अमेरिकेच्या अलास्कातल्या जुनो शहराने दिवसाला ५ च मोठी जहाजं अशी मर्यादा ठरवली. म्हणजे जहाजं येऊ देऊनही अटी घालता येतात.

आणि अटी घालायच्या तर आत्ताच. बार्सिलोनाला ७ ची ५ च का करता आली, ३ का नाही, तर बाकीची टर्मिनल क्रूझ कंपन्यांना वर्षानुवर्षांच्या कराराने चालवायला दिलेली आहेत आणि ते करार मोडता येत नाहीत. मुंबईचं टर्मिनलही खाजगी भागीदारीतलंच. त्यामुळे धक्क्यावरून वीज कधीपर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त किती प्रवासी, उभ्या जहाजात कुठलं इंधन, घाण पाणी किनाऱ्यावर उतरवून घ्यायची सोय आणि ते न उतरवल्यास दंड किती, हे सगळं आत्ता लिहून घ्यायला पाहिजे. धक्क्यावरची वीज ट्रॉम्बे-डहाणूच्या कोळशाची आली तर धूर फक्त तिकडे, ट्रॉम्बेशेजारच्या माहुलला आणि डहाणूला सरकेल, म्हणून ती वीज कुठली हेही त्यातच यायला हवं. कुलाब्याच्या रहिवाशांकडे वकील आहेत, ससून डॉकच्या मच्छीमार संस्थांकडे समुद्राची माहिती आहे, या दोघांनी एकत्र बसून पोर्ट अथॉरिटीला एकच पत्र द्यावं आणि उत्तर लेखी मागावं, पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत.