आफ्रिकेचं साहित्य गोऱ्यांच्या शाळेत जन्मलं नाही

‘आफ्रिकी साहित्याची वैशिष्ट्यं’ या नावाचा एक मजकूर वाचनगटांतून पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकेला लेखनाची परंपरा नव्हती, फक्त तोंडी गोष्टी होत्या, खरं साहित्य आलं ते गोऱ्यांच्या शाळांतून, इंग्रजी-फ्रेंचमधून, आणि त्याचा विषय एकच, गोऱ्यांनी केलेला अन्याय. पुढे पाठवणारी माणसं चांगली वाचणारी आहेत, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी लेखनाचं बघू. इथिओपियाची गीझ लिपी आपल्या बाराखडीसारखी चालते. एकच अक्षर स्वराप्रमाणे रूप बदलतं: ल, लू, ली, ला, ले, ल्, लो, अशी सात रूपं. या लिपीत कातड्यावर लिहिलेल्या गरिमा मठातल्या बायबलच्या पोथ्या कार्बन चाचणीत चौथ्या ते सातव्या शतकातल्या ठरल्या. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या निदान पाचशे वर्षं आधीच्या. पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली काव्य अरबी लिपीत लिहिलं जात होतं. 1728 सालचं एक दीर्घकाव्य आजही उपलब्ध आहे. आणि आजच्या उत्तर नायजेरियात नाना अस्माउ (1793–1864) अरबी, फुलानी आणि हौसा भाषांत कविता रचत होत्या. त्या कविता पाठ करून शिक्षिका गावोगावच्या बायकांना शिकवायच्या. इथे कुठलाही गोरा मास्तर नव्हता.

लिहिलेलं पाठ होऊन तोंडोतोंडी पोचतं, हे ओव्या-अभंगांवर वाढलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. तरी ‘तोंडी’ म्हटलं की आपण कच्चं समजतो. स्वाहिली गोष्ट सांगणारा आधी ‘पाउक्वा!’ म्हणतो, ऐकणारे ‘पाकावा!’ म्हणतात, मगच गोष्ट पुढे सरकते. मालीत जुन्या राजा सुंजाताची गाथा गाणाऱ्यांची घराणी आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीची. ही बोलण्याची कला कादंबरीत कशी उतरते ते नायजेरियाच्या इग्बो समाजातल्या चिनुआ अचेबेंच्या 1958च्या पहिल्या कादंबरीत बघा. उनोकाकडे ओकोये थकलेली उधारी परत मागायला येतो. पाहुण्यासाठी कोला फळ फोडलं जातं, इकडचं तिकडचं बोलणं होतं. तोवर ओकोये साधं बोलत असतो. पैशांची वेळ येते तशी पुढची पाच-सहा वाक्यं तो नुसत्या म्हणींत बोलतो. अचेबे तिथे सांगतात, इग्बो लोकांत म्हण म्हणजे शब्द ज्याला लावून खायचे ते पामतेल. उधारी मागण्यातही समोरच्याची अब्रू राखायची असते. इंग्रजीत लिहिलेलं असलं तरी त्या प्रसंगाची सगळी घडण इग्बो आहे.

आता भाषा. छापखाने पुष्कळदा मिशनचे होते, हे खरं. पण दक्षिण आफ्रिका खंडातल्या लेसोथोच्या थॉमस मोफोलोंची पहिली कादंबरी 1907मध्ये आली ती तिथल्या सेसोथो भाषेत. नायजेरियाच्या फागुन्वांची 1938ची कादंबरी तिथल्या योरुबा भाषेत आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो तर इंग्रजीत नाव कमावून आपल्या मातृभाषेकडे, गिकुयूकडे वळले. गिकुयूतल्या नाटकानंतर 1977च्या अखेरीस त्यांना पकडलं, आणि तुरुंगातल्या शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूतच कादंबरी लिहिली. त्यांना डांबणारं सरकारही स्वतंत्र केनियाचंच होतं.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. विषय एकच म्हणे! सेनेगलच्या मारियामा बा यांची 1979ची कादंबरी म्हणजे एका विधवेनं मैत्रिणीला लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. नवऱ्यानं मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मोठा दीर घरी येतो आणि सुतक संपलं की मी तुझ्याशी लग्न करीन, असं सांगतो. विचारत नाही, सांगतो. तीस वर्षं गप्प राहिलेली रामातुलाय त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला सुनावते.