आवाज येतो, चित्र नाही म्हणजे पॅनेल गेलं? जरा थांबा

गेल्या पंधरा दिवसांत तो फॉरवर्ड मला तीनदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग मामाकडून, मग शाळेच्या बॅचकडून. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: टीव्हीचा आवाज येतोय पण स्क्रीन काळी असेल तर पॅनेल (चित्र दाखवणारी पुढची काच) गेलं, रिपेअरवर पैसे घालवू नका, नवीन घ्या. कोणी आतली एलईडी दिव्यांची पट्टी बदलून देतो म्हणाला तर ती सहा महिन्यांत परत जाते. घरी उघडलात तर शॉक लागून जीव जाईल. गाडीच्या डिस्प्लेचंही तेच, आख्खं युनिट बदलावं लागतं. आणि खाली मोठ्या अक्षरात 'जनहितार्थ'.

आता मी काही मेकॅनिक नाही. घणसोलीला राहतो, ऐरोलीला ऑफिस, आणि हा दुरुस्तीचा उद्योग वर्षभरापूर्वी सुरू केला तो आमचाच ३२ इंची टीव्ही काळा झाला म्हणून. आजवरचा स्कोअर म्हणजे दोन टीव्ही चालू केले, काकांच्या गाडीचा एसीचा डिस्प्ले चालू केला आणि एक मॉनिटर स्वतःच्या हाताने मारला (त्याचं पुढे सांगतो). पण एवढ्या तुटपुंज्या अनुभवावरही सांगू शकतो की त्या फॉरवर्डमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि बाकी लोकांना उगाच घाबरवणं आहे.

पहिलं, 'पॅनेल गेलं'. एलसीडी पॅनेलला स्वतःचा उजेड नसतो हो. चित्र पॅनेल बनवतं आणि उजेड मागून येतो, तो मागचा दिवा म्हणजे बॅकलाईट. दिवा विझला तरी चित्र तिथेच असतं, फक्त दिसत नाही. खात्री करायला दमडी लागत नाही. रात्री खोलीतली ट्यूब बंद करा, टीव्ही चालू करून मेनू उघडा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा. आमच्याकडे आलेला माणूस दोन मिनिटं बघून 'पॅनेल गेलंय, नऊ हजार' सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला होता, आणि त्याच रात्री मी टॉर्च मारला तर आईची सिरीयल आत चालू होती! अंधुक, भुतासारखी, पण चेहरे ओळखू येत होते. आई म्हणाली, "अरे दिसतंय की सगळं, मग नऊ हजार कसले?" एवढी एक टेस्ट त्या माणसाने केली असती तर. (ओएलईडी टीव्हीला हे लागू नाही, त्यात बॅकलाईटच नसते, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो.)

अजून एक खूण म्हणजे टीव्ही चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद चित्र येतं आणि मग काळं होतं, आवाज चालूच राहतो. याचं कारण गणपतीच्या जुन्या तोरणासारखं आहे, एक बल्ब गेला की आख्खी माळ बंद. माझ्या टीव्हीत बॅकलाईटच्या तीन पट्ट्या, एकेकीवर सात एलईडी, सगळे २१ सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेले), प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट म्हणजे मिळून ६५च्या आसपास. त्यातला एक ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की करंटला रस्ताच नाही, ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं सर्किट) व्होल्टेज वाढवून बघतो, जमत नाही, मग सुरक्षेसाठी सप्लाय तोडतो. माझ्या केसमध्ये मधल्या पट्टीवरचा एक एलईडी, बारकासा काळा ठिपका पडलेला, बस. त्या ठिपक्यासाठी नऊ हजार.

आणि स्क्रीन निळी-जांभळी पडली तरी लोक पॅनेललाच शिव्या घालतात. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाचा पांढरा करणारा थर. ही तीच निळी एलईडी जिच्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल दिलं गेलं. उष्णतेने वरचा फॉस्फर खराब झाला की खालचा निळा बाहेर येतो. म्हणजे तेही बहुतेक वेळा पट्ट्यांचंच काम.

दुसरं, 'सहा महिन्यांत परत जाते'. जाते, चुकीचं केलं तर नक्की जाते. इथे मला रीलवाल्यांचाही राग आहे, जे मेलेला एलईडी वायरने शॉर्ट करून 'दहा रुपयांत टीव्ही चालू' दाखवतात. चालू होतो, खोटं नाही, पण स्क्रीनवर तिथे सावली राहते, आणि बाकीचे वीस त्याच वयाचे, तेवढेच तापलेले, ते रांगेत उभेच असतात. म्हणून एक पट्टी नाही, सगळा सेट बदलायचा, आणि पट्टीवर छापलेला नंबर, एलईडींची संख्या, लांबी, ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा हे सगळं जुळवून घ्यायचं. मी पहिल्यांदा लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलो तेव्हा नुसतं '३२ इंचाची द्या' म्हणालो, दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी किराणावाल्याकडे जाऊन 'डाळ द्या' म्हटलं. परत घणसोली, परत टीव्ही उघड, पट्टीचा फोटो काढ, परत दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. सेट मिळाला साडेपाचशेला.

खरी चूक मात्र पुढे होते. पट्ट्या बदलतात आणि सेटिंग तसंच १०० वर ठेवतात. एलईडीला मारते ती उष्णता, आणि उष्णता वाढते करंटने. मेनूत 'बॅकलाईट' नावाचं सेटिंग शोधा आणि ६० वर आणा, घरात पुरतं. 'ब्राइटनेस' वेगळं, ते बऱ्याच टीव्हींत फक्त चित्रातला काळा रंग वरखाली करतं. आमचा सेट वर्ष झालं चालतोय, अजून तरी.

तिसरं, शॉक. हे अर्धं खरं म्हटलं ते हेच. घरातला २३० व्होल्ट एसी आत रेक्टिफाय झाला की ३२५च्या आसपास डीसी होतो, आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. त्यामुळे प्लग काढायचा, थांबायचं, मल्टीमीटर लावून व्होल्टेजचा आकडा खाली आलाय हे डोळ्यांनी बघायचं, मगच हात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणं ही मर्दुमकी नको. पट्ट्या पेटतात का ते तपासायच्या बॅकलाईट टेस्टरच्या वायरींवरही लोड नसताना २००-३०० व्होल्ट असतात, करंट थोडा असतो, तरी हात झटकायला लावतो. माझा झटकला, शेजारचा चहाचा कप गेला. आणि जुन्या मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी काचेच्या बारीक नळ्या असतात, सीसीएफएल, त्यांना शेकडो व्होल्ट लागतात आणि आत थोडा पारा असतो, तिथे नवशिक्याने जाऊच नये.

पण जीवापेक्षा आधी जातं ते पॅनेल, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. पॅनेलच्या कडेला पातळ फिल्मसारख्या रिबन चिकटवलेल्या असतात, एक जरी फाटली तरी उभ्या रेघा, आणि मग खरोखरच पॅनेल गेलं. तोच तो मॉनिटर. एकट्याने एका कोपऱ्याला धरून उचलला, काच जराशी वाकली, टिक् असा आवाज आला आणि संपलं. तेव्हापासून दिवाणावर स्वच्छ चादर, दुसऱ्या बाजूला आई. "आई, दोन्ही हातांनी धर, वाकवू नकोस हं." ती म्हणे, "पापड उचलते तशी उचलते, तू तुझी बाजू सांभाळ." पंखा बंद ठेवायचा नाहीतर धूळ आत जाते, आणि मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय ते घणसोलीकरांना सांगायला नको. माझ्या घामाचा एक थेंब डिफ्युझरच्या (उजेड सारखा पसरवणाऱ्या) शीटवर पडला, तो डाग अजून डाव्या कोपऱ्यात आहे, क्रिकेटचा स्कोअर नेमका तिथेच येतो. शीट कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढा, आणि एलईडीवरची प्लॅस्टिकची लेन्स निघाली तर नीट चिकटवा, नाहीतर स्क्रीनवर पांढरा ठिपका कायमचा.

गाडीचं पटकन सांगतो. काका ठाण्याला राहतात, गाडी जुनी हॅचबॅक, एसीच्या डिस्प्लेवरचे आकडे दिवसा दिसायचे, रात्री गायब. म्हणजे एलसीडी ठीक, दिवा गेला, यात अजून काय शोधायचं? सांगितलं होतं आख्खं युनिट बदला. आत निघाले दोन चिमुकले १२ व्होल्टचे बल्ब, फिरवून काढायचे. मी एलईडीवाले घातले, एक लागला, दुसरा नाही, वाटलं फसलो. मग कळलं एलईडीला उलट-सुलट असतं, काढून अर्धा फिरवून लावला की पेटला. जुन्या बल्बवरच्या हिरव्या रबरी टोप्या काढून नव्यांना घातल्या, नाहीतर काका म्हणाले असते रंग बदलला. अर्थात नव्या गाड्यांत आख्खा स्पीडोमीटरच स्क्रीन असतो, एलईडी बोर्डावर सोल्डर केलेले, किलोमीटरही तिथेच साठवलेले, तो मी नाही उघडणार. स्टिअरिंग तर अजिबात नाही, आत एअरबॅग.

आणि हो, काकांच्या शेजाऱ्यांचाही मीटर 'गेला' होता. डॅशबोर्डवरचं डिमरचं (उजेड कमी-जास्त करायचं) चाक कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवलेलं.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या काकूंचा फोन, "अरे, आमच्या मायक्रोवेव्हचे आकडे दिसत नाहीत, संध्याकाळी ये ना, चहा टाकते." त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या घरात चार्ज राहू शकतो. म्हटलं काकू, चहाला येतो, पक्कड घरी ठेवून.