ॲव्हरेज काढून देणारे काका

टू-स्ट्रोक मोपेडचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, जुळवणे हे मिस्त्री आणि मालक या दोघांचे काम आहे, अशी माझी परवापर्यंत समजूत होती. माझी गाडी पेडलवाली, 50 सीसीची. लूना 1972 मध्ये आली तेव्हापासून आपल्याकडे अशा प्रत्येक गाडीला लूनाच म्हणतात, तेव्हा मीही लूनाच म्हणतो. ती सिग्नलला उभी राहिली की बंद पडत होती. घरी प्लग काढून पाहिला, तर जे टोक चॉकलेटी दिसायला हवे ते पांढरेफटक पडले होते. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. एवढे निदान बरोबर घेऊन मी सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या एका गॅरेजात गेलो.

मिस्त्रीने हवेच्या स्क्रूला पेचकस लावला आणि तेवढ्यात, तळहातावर तंबाखू मळत, काका प्रकट झाले. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर होते, हे त्यांनी कोणी विचारण्याआधीच सांगितले. नंतर त्यांनी मिस्त्रीच्या हातातला पेचकस काढून घेतला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मिस्त्री, त्याचा पोरगा आणि पंक्चर काढायला आलेला एक गृहस्थ असे आम्ही सगळे विनाकारण गप्प झालो.

“मागाचा धोटा अडकल्यावानी आवाज येतोय,” डोळे न उघडता काका म्हणाले. “पेट्रोल लई पितीय ही. हवा द्या हिला.”

“काका, हवा आधीच जास्त झाली आहे. प्लग पाहा, पांढरा आहे.”

“मालक, प्लग पांढरा म्हणजे स्वच्छ हाय की!”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते इतक्या वेगळ्या दिशेने आले होते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की हवा विरळ होते आणि मिश्रण थोडे दाट बनते, तेव्हा जास्त हवेसाठी स्क्रू किंचित बाहेर घ्यावा लागतो, हे मी मान्य करून सांगितले. परंतु टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल पेट्रोलमधूनच जाते, त्यामुळे पेट्रोल तोडले की पिस्टनचे वंगणही तुटते, इंजिन तापते आणि एखाद्या दुपारी पिस्टन जाम होतो, हेही सांगितले. काकांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मिस्त्रीला म्हणाले, “अर्धा आटा बाहेर घे.”

मिस्त्रीने घेतला. पैसे मी देणार होतो, गाडी माझी होती, आणि तो ऐकत होता तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवणाऱ्या माणसाचे! मिश्रण पातळ होत जाताना इंजिनाचा वेग काही काळ वाढतोच, तसा तो वाढला, आवाज चढला, आणि पंक्चरवाल्या गृहस्थांनी “वा!” म्हणून दाद दिली. “आता बघा ॲव्हरेज,” काका म्हणाले. पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडल्यापासून या शहरात गाडीची तब्येत कोणी विचारत नाही; फक्त ॲव्हरेज विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा शेंगाचटणी वाढून घेता घेता तेच विचारतो, आणि आपला आकडा त्याच्यापेक्षा कमी निघाला की त्याला जेवण गोड लागते.

मिस्त्रीने पन्नास रुपये घेतले. सात रस्त्याच्या सिग्नलपर्यंत गाडी किंचाळत धावली आणि तिथे थांबली ती थांबलीच. पेडल असण्याचा फायदा असा की गाडी ढकलावी लागत नाही. तोटा असा की भर उन्हात पेडल मारणाऱ्या चाळिशीतल्या माणसाकडे पाहून शाळेची पोरे सायकलची शर्यत लावतात.

घरी कार्ब्युरेटर उतरवला. पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीत तळाला बारीक गाळ होता आणि त्यातलाच एक कण कमी वेगात पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटच्या छिद्रात बसला होता. मासे धरण्याच्या नायलॉन दोऱ्याने तो काढला, कारण जाड तारेने छिद्र मोठे होते. मग हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर घेतला, गाडी गरम करून वेग सर्वांत स्थिर लागेल तिथे ठेवला, आणि शेवटी उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू सैल केला. तेव्हापासून ती सिग्नलला न कुरकुरता उभी राहते.

काल मात्र एक गृहस्थ आपली मोपेड घेऊन दारात आले. काकांनी सेटिंग केलेली गाडी पाहायला काकांनीच त्यांना पाठवले होते. मी प्लग काढून त्याचा चॉकलेटी रंग दाखवू लागलो, तर ते म्हणाले, “ते असू द्या हो. ॲव्हरेज किती काढून दिलं काकांनी?”