कोणती थायरॉईडची गोळी?

"थायरॉईडच्या गोळीने लिव्हर खराब होतं. अमेरिकेनेही इशारा दिलाय. गोळी आजच बंद करा, गुळवेलीचा काढा घ्या, त्याचा काही अपाय नाही." हा मेसेज पुण्यात आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात फिरला. कोथरूडच्या मावशीने तो वाचून गोळी सोडली, म्हणून हे लिहितेय.

घोळ 'थायरॉईडची गोळी' या शब्दांतच आहे. थायरॉईड कमी असलेली माणसं सकाळी उपाशीपोटी घेतात ते लिव्होथायरॉक्सिन. ग्रंथीला पुरेसं बनवता येत नाही तेच हार्मोन बाहेरून द्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यामुळे लिव्हरला इजा होणं अत्यंत विरळ. थायरॉईड वाढलेल्यांची गोळी बरोबर उलट, हार्मोन बनणं रोखणारी: कार्बिमाझोल, मेथिमाझोल, प्रोपिलथायोयुरॅसिल. लिव्हरची भीती आहे ती या औषधांत, आणि तीही सगळ्यांत सारखी नाही.

अमेरिकेचा इशारा खरा आहे. २०१० साली तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रोपिलथायोयुरॅसिलवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. लिव्हर निकामी होऊन माणसं दगावली होती, त्यात मुलंही होती. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हेच औषध योग्य ठरू शकतं, असंही त्याच चौकटीत लिहिलंय. मेसेजमधून ते गळलं.

कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी मात्र डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. ताप येऊन घसा दुखला तरीही, कारण पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात.

"आजच बंद करा" हे सगळ्यात घातक. लिव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मावशीलाही पहिला आठवडा बरं वाटलं. महिन्याभरात चेहरा सुजला, दिवसभर झोप यायला लागली. शिवाय थायरॉईड कमी राहिला तर त्यानेच लिव्हरचे रिपोर्ट बिघडू शकतात!

आणि गुळवेल? ती घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

मावशीला फोनवर म्हटलं, स्ट्रिपवरचं नाव वाच बघू. तिने चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं: लिव्होथायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम.