लिव्हरचं रक्त कोणी बंद करत नाही, जिभाऊ

सध्या खान्देशातल्या भाऊबंदांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. चोपड्याहून निघाला की शिरपूरहून, देव जाणे. वर मथळा, ‘लिव्हरमध्ये मणी टाकून घेऊ नका!!!’ त्याखाली मुद्दे, त्याखाली ९० दिवसांचा काढा, आणि सगळ्यात खाली नेहमीचं ‘पुढे पाठवा, पुण्य लागेल’. एरवी मी असल्या गोष्टी वाचून सोडून देतो. पण हा मेसेज माझ्या मामांपर्यंत पोचला. गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, आम्हीही तेच म्हणतो. हेपटायटिस बी, त्यातून सिरॉसिस (लिव्हर सुकत, कडक होत जाणं), आणि आता लिव्हरमध्ये कॅन्सरच्या दोन गाठी. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत औषध भरलेले बारीक मणी सोडून ती अडवायची, या उपचाराची नाशिकला तारीख ठरली होती. मेसेज वाचला आणि फोन आला, “रगत बंद करीसन मानूस कसा जगी रे भो? माले नको ते.” तारीख रद्द.

मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. हे मणी रोज डोळ्यांसमोर भरले जाताना आणि सोडले जाताना बघतो. म्हणून लिहितोय, आणि रागात लिहितोय.

मेसेज म्हणतो, ‘लिव्हरचा रक्तपुरवठा बंद करतात, लिव्हर आतल्या आत सडतं.’

जिभाऊ घाबरले ते या वाक्याला, म्हणून आधी हेच घेतो. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतून आणि उरलेला पाव हिस्सा हिपॅटिक आर्टरी या धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र आपलं जवळपास सगळं रक्त आर्टरीतूनच ओढते. सगळा उपचार या एका फरकावर उभा आहे. जिभाऊ, तुमच्या केळीला पाटाचंही पाणी आहे आणि विहिरीचंही. विहिरीच्या लाइनवरचा एक कॉक बंद केला म्हणून बाग वाळते का? त्या कॉकच्या तोंडाशी माजलेलं गवत तेवढं वाळतं.

बरं, आर्टरीही अख्खी बंद करत नाहीत. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी जाते, तिच्या आतून आणखी बारीक नळी. जागा बधिर केलेली असते, रुग्ण जागा असतो, आमच्याशी बोलत असतो. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की स्क्रीनवर आर्टरीचं अख्खं झाड दिसतं आणि गाठ एखाद्या काळ्या डागासारखी उठून येते. मग तिला पोसणारी फांदी शोधत बसायचं. कधी ती पटकन सापडते, कधी तासभर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. त्या फांदीत पोचल्याशिवाय मणी सुटत नाहीत.

आता यातलं खरं तेवढं सांगतो, कारण मेसेजवाल्यांनी ते अर्धवट कुठूनतरी ऐकलं असणार. पोर्टल व्हेनच गाठीने किंवा गुठळीने तुंबली असेल तर दुसरी वाट बंद होते, आणि मग आर्टरी अडवणं लिव्हरला खरंच महागात पडू शकतं. कावीळ वाढलेली आहे, पोटात पाणी भरलंय, लिव्हर आधीच हात टेकायला आलंय, अशा माणसालाही डॉक्टर सहसा हे करत नाहीत. म्हणून तर आधी तीन टप्प्यांचा सीटी, लिव्हर किती काम करतंय हे सांगणाऱ्या बिलीरुबिन आणि अल्ब्युमिनच्या रक्ततपासण्या, रक्त गोठण्याची तपासणी हे सगळं होतं. जिभाऊंचं झालंय. पोर्टल व्हेन मोकळी आहे, कावीळ नाही. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांचा रिपोर्ट पाहिलेला नाही, डॉक्टरांनी पाहिलाय.

पुढचा मुद्दा, ‘प्लास्टिकचे मणी टाकतात, ते फुटतात आणि हृदयात जातात.’

फुटायला ते काचेचे नाहीत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेलीसारखे मऊ गोळे असतात ते. आमच्याकडे बहुतेक वेळा १०० ते ३०० मायक्रॉनचे वापरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते तिसरा हिस्सा. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध शुद्ध पाण्यात कालवून त्यांच्यावर घालतात. सलाइन चालत नाही, मिठाने औषध मण्यातून सुटायला लागतं. मग कुपी ठेवून द्यायची. तास-दीड तासात वरचं लाल पाणी फिकं पडत जातं आणि तळाशी बसलेले मणी लाल होतात. औषध मण्यात शिरलंय हे डोळ्यांना दिसतं. गाठीत अडकल्यावर तेच औषध हळूहळू बाहेर येतं, म्हणजे रक्तही अडलं आणि औषधही जागेवर पोचलं.

ते कायमचे आत राहतात, हे खरं. विरघळत नाहीत. चुकीच्या फांदीत गेले तर पित्ताशयाला किंवा जठराला इजा होऊ शकते, हेही खरं, म्हणून तर ती तासभराची शोधाशोध. ज्यांच्या पित्तनळीत स्टेंट आहे किंवा तिथलं ऑपरेशन झालंय, त्यांच्या लिव्हरमध्ये नंतर पू होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. संमतीपत्रावर हे सगळं असतं. मेसेजमध्ये यातलं काही नाही, नुसतं ‘हृदय’.

‘याने आयुष्य वाढत नाही, डॉक्टरांचं घर तेवढं भरतं.’ यावर एकच दाखला देतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ११२ रुग्णांवर चाचणी घेतली, ती २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण आर्टरीतून औषध देऊन ती अडवलेल्यांत ६३ टक्के, आणि फक्त त्रासावर उपचार केलेल्यांत २७ टक्के. ज्यांचं लिव्हर बऱ्यापैकी काम करत होतं असे निवडक रुग्ण होते ते, आणि जिभाऊ त्याच गटात बसतात. २७ आणि ६३ मधला फरक काढ्याच्या ग्लासात बुडवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

पैशाबद्दल मात्र मेसेजवाल्यांना थोडं माप देतो, मनाविरुद्ध. ती चाचणी या मण्यांची नव्हती, लिपिओडॉल तेलात औषध मिसळून देण्याच्या जुन्या पद्धतीची होती. मणी नंतर आले, आणि महाग आहेत. दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या तेव्हा मण्यांमुळे माणूस जास्त जगतो असं काही सिद्ध झालं नाही. औषधाचा त्रास कमी होतो, एवढं दिसलं. तेव्हा ‘मणीच का, लिपिओडॉल का नको, आणि सरकारी योजनेत काय बसतं?’ हे डॉक्टरांना आणि हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, बेधडक विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर दुसरा डॉक्टर बघा. हा उपचार गाठ मुळासकट काढायची हमीही देत नाही. महिना-दीड महिन्याने पुन्हा सीटी किंवा एमआरआय, गाठ उरली असेल तर बहुधा पुन्हा टेबलावर.

‘केस जातात.’ मण्यांनी क्वचितच.

‘परदेशात बंदी आहे.’ कुठे? अमेरिकेत हे मणी रक्तवाहिनी अडवायला मंजूर आहेत, त्यात औषध भरायचा निर्णय तिथले डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर घेतात. त्यालाच कोणीतरी ‘बंदी’ म्हणून टाकलं.

‘गाठीला हात लावला की ती पसरते.’ गाठीला कोणी सुई टोचतच नाही, रक्ताच्या वाटेने जातात. सिरॉसिसच्या रुग्णात सीटीवर खुणा स्पष्ट असतील तर बायोप्सीही (गाठीचा तुकडा काढून तपासणं) बऱ्याचदा लागत नाही.

आता तो काढा. केळीच्या खोडाचा रस सकाळ-संध्याकाळ ग्लासभर, त्यात गुळवेल, ९० दिवस. यावर मी गप्प बसूच शकत नाही. केळीला पोटॅश किती लागतं हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मी काय सांगणार? ते पोटॅशियम खोडाच्या रसात भरपूर उतरतं. धडधाकट माणसाला एखादा ग्लास पचेल. पण पोटात पाणी साठू नये म्हणून सिरॉसिसच्या कितीतरी रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असते, आणि ती गोळी शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवते. वरून हा रस. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतात. मण्यांच्या नावाने हृदयाची भीती घालायची आणि स्वतःच हा रस पाजायचा, कमाल आहे! गुळवेलीबद्दल म्हणाल तर, ती घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. तो वाद त्यांना घालू द्या, आधीच सुकलेल्या लिव्हरवर तो प्रयोग कशाला?

शिवाय तीन महिने गाठ काही थांबून राहत नाही. ती पोर्टल व्हेनमध्ये शिरली की जे आज करता येतंय ते उद्या करता येणार नाही. मग मेसेजवाला म्हणायला मोकळा, ‘बघा, डॉक्टरांनीही हात वर केले.’

शेवटचा मुद्दा, ‘मणी टाकल्यावर ताप येतो, म्हणजे विष अंगात भिनलं.’ ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं. गाठ मरते त्याची ही लक्षणं आहेत, गोळ्यांनी बहुतेकांची काही दिवसांत उतरतात. जिभाऊंनाही येईल. मात्र हुडहुडी भरून ताप चढत गेला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची एसटी बघत बसायचं नाही, रात्रीच गाडी करून निघायचं. नवी तारीख मी मागून घेतोय. रिपोर्टांची फाइल आणि जुन्या सीटीची सीडी मामींनी कपाटातून काढून ठेवावी.