नागपूरच्या माणसाला जहाजाचं काय कळतं?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकानं व्हिडिओ टाकला. अमेरिकेतलं जुनं, गंजकं युद्धजहाज, त्याला ओढून नेणाऱ्या चार टगबोटी, काठावर उभी राहून हात हलवणारी माणसं. खाली याचं वाक्य, "भंगारवाल्याला द्यायचं सोडून यावर पावणेतीनशे कोटी! पैसा जास्त झाला की असं होते." लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी लिहिलं, बाबा रे, ते भंगार नाही, ती 'टेक्सास' आहे, दुरुस्तीला चालली आहे. तर उत्तर आलं, "मॅडम, नागपूरच्या माणसाला जहाजाचं काय कळतं? तुम्ही फुटाळा तलावावर भुट्टा खा."

ग्रुपवर भांडायचं नाही असं मी जूनमध्ये ठरवलंय. म्हणून इथे भांडते. उद्या महालक्ष्म्या यायच्या आहेत, निम्मं घर अजून मांडायचं आहे, तरी लिहिते.

नागपूरच्या माणसाला कळत नाही? अरे, आपल्याइतकं कोणाला कळणार? ज्याच्या घरी लोखंडी कूलर आहे त्याला जहाज कळतं. दर मार्चमध्ये तो धूड गच्चीवरून खाली आणायचा, टाकी उलटी करायची, गंज खरवडायचा, तळाला डांबर मारायचं, मग खस बदलायची. एक वर्ष आळस केला की मे महिन्यात, ऐन शेहेचाळीस डिग्रीत, रात्री दोन वाजता टाकी गळते आणि पाणी गादीखाली येतं. पाणी धरून उभं असलेलं लोखंड तळातून सडतं. वरून हिरवा रंग कितीही चकाचक असू द्या.

हे मला शिकवलं माझ्या मामानं. माझा मामा नागपूरच्या महाल भागातला. ज्याला समुद्र पाहायचा तर आगगाडीत रात्र काढावी लागते असा, तुमच्या-माझ्यासारखाच नागपूरकर. आणि तो विक्रांतवर, आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावर, स्टोकर होता. १९७१ ला. बॉयलर रूममध्ये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते (ठाऊक असायला हवं खरं तर). त्या लढाईत विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. वाफेचा दाब कमी ठेवावा लागायचा, म्हणून पूर्ण वेग घेता यायचा नाही. तशा अवस्थेत ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तिलाच शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. मामाला कोणी विचारलं की तुम्ही युद्धात काय केलं, तर तो म्हणतो, "काही नाही बा, घाम गाळला." बॉयलर रूमबद्दल दुसरं काही म्हणजे काही सांगत नाही. एवढंच की मे महिन्यातलं नागपूर त्याला तिथे थंड वाटायचं.

तर २००५ च्या डिसेंबरात आम्ही त्याला मुंबईला घेऊन गेलो. विक्रांत १९९७ लाच निवृत्त झाली होती. नेव्हीनं २००१ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांना दाखवायला सुरुवात केली होती, पण उघडी असायची ती वर्षातले थोडेच दिवस. आम्ही विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो, रांगेत उन्हात उभे राहिलो. पोरं हँगरमधल्या विमानांकडे धावली. मामा मात्र एका बंद दारापाशी थांबला. खाली जायचा रस्ता होता तो, प्रवेश बंदची पाटी होती. तिथल्या पोरसवदा नौसैनिकाला त्यानं आपलं काही सांगितलं नाही. फक्त बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकलं. दोनदा. कान लावला. दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलं. आपण बाजारात मडकं घेताना ठोकतो ना, तसं.

मला म्हणाला, "आयकून राहिली का? इथं भरीव आहे. अन् इथं पातळ झाली."

मी तेव्हा हसले होते. आज त्याची लाज वाटते.

बरं, व्हिडिओकडे येते, नाहीतर मामावरच पोस्ट संपेल. टेक्सास १९१४ ची. दोन्ही महायुद्धं पाहिलेली. तिच्या वर्गातली, त्या काळातली ड्रेडनॉट म्हणतात तसली (मोठमोठ्या तोफांची) युद्धनौका जगात आता ही एकटीच उरली आहे. १९४८ पासून संग्रहालय. पण पाण्यातच उभी, आणि तेही खाऱ्या-मचूळ पाण्यात. पोटात पाणी शिरायचं, पंप लावून बाहेर फेकायचं, पुन्हा शिरायचं. शेवटची गोदीत गेली होती १९८८ ला. म्हणजे तिथेही काही सगळे देव बसलेले नाहीत, तीस-बत्तीस वर्षं त्यांनीही टाळलंच. हे मान्य. पण २०१९ ला टेक्सास राज्यानं साडेतीन कोटी डॉलर (तेच ते पावणेतीनशे कोटी) मंजूर केले. आधी पोटात फेस भरून गळती कमी केली, आणि परवा, ३१ ऑगस्ट २०२२ ला, चार टगबोटींनी तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीत नेलं. पासष्ट किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. वाटेतच बुडते की काय ही धास्ती सगळ्यांना. लोक सकाळपासून काठावर. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी महालक्ष्म्यांची पेटी आणायला मी मामाकडे गेले होते. (मुखवटे त्यांच्याकडे असतात. आजीच्या वेळचे आहेत. दरवर्षी नाकाचा रंग उडतो, दरवर्षी मामी पुन्हा रंगवते. नवे घ्या असं अजून कोणाच्या तोंडून निघालेलं नाही.) टीव्हीवर कोचीचा सोहळा पुन्हा पुन्हा दाखवत होते. नवी विक्रांत नौदलात आली, नवा नौदलाचा ध्वज, त्यावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. निवेदिका ओरडत होती, विक्रांतचा पुनर्जन्म, विक्रांतचा पुनर्जन्म. नंबरही तोच दिलाय, आर ११.

मामानं सोहळा उभं राहून पाहिला. मग मामीला म्हणाला, "आवाज कमी कर जरा." बस. एवढंच.

पुनर्जन्म व्हायला आधी मरावं लागतं ना? ती कशी मेली ते आज एका तरी वाहिनीनं सांगितलं का? मी सांगते. सरकारं आली, गेली. कायमचं संग्रहालय करू, समुद्रात पाया घालून उभी करू, घोषणाच घोषणा. मग म्हणे परवडत नाही. २०१२ ला धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद. मग लिलाव. साठ कोटी. साठ! आपल्याकडे एका उड्डाणपुलाला किती लागतात ते आठवा आणि मग सांगा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथेही ऑगस्ट २०१४ मध्ये याचिका फेटाळली गेली, आणि नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखाना भागात तिच्यावर गॅस कटर चालले. चितगाव गाजवणारं जहाज, मुंबईच्या भंगाराच्या गल्लीत.

"सडली होती, काय करणार?" असं म्हणणारे माझ्या मित्रयादीतही आहेत. अहो, सडली होती हे मामानं पेरानं ठोकून सांगितलं होतं! सडणं एका दिवसात होत नाही. १९९७ ते २०१४ म्हणजे सतरा मार्च महिने गेले, सतरा वेळा टाकी उलटी करायची आठवण यायला हवी होती. नेव्हीनं आपल्या परीनं सांभाळली, त्यांना दोष देत नाही, त्यांना लढायची जहाजंही सांभाळायची असतात. पण आपण? आपल्याला चकाचक हिरवा रंग दिसत होता.

थांबा, नणंदेचा फोन आला होता. आंबिलीचं पीठ विचारत होती. कुठे होते मी?

हां, विराट, आपलं दुसरं विमानवाहू जहाज. एकदा चूक होते, समजू शकते. दुसऱ्यांदा? विराट २०१७ ला निवृत्त झाली. आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं २०१८ ला सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचं म्हणून ८५२ कोटींची योजना मंजूर केली. पेपरात चित्रं आली, मी कापून ठेवली होती. आणि २०२० च्या सप्टेंबरात टगबोटी आल्या. आल्या हो, आपल्याकडेही आल्या! दोर बांधला, ओढत नेली. गोदीत नाही. गुजरातेत अलंगला. तोडायला.

म्हणून म्हणते, सकाळच्या त्या व्हिडिओवर हसू नका. तोच दोर, तशाच टगबोटी, तशीच काठावरची माणसं. त्यांचं जहाज दुरुस्तीला गेलं आणि आपलं कापायला.

आता कोणीतरी खाली लिहीलच की विदर्भात शेतकरी मरून राहिले अन् तुम्हाला जहाजं सुचतात. बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे. पण विक्रांत विकून आलेल्या साठ कोटींनी यवतमाळात कोणाची विहीर खणली ते दाखवा, मग मी गप्प बसते.

आणि परवडत नाही म्हणणाऱ्यांनो, विशाखापट्टणमला जा. 'कुरसुरा' पाणबुडी त्यांनी २००२ ला किनाऱ्यावर काढून वाळूत पाया घालून बसवली. तिकीट काढून आत जाता येतं. पाणबुडी लहान असते, विमानवाहू जहाजाशी तुलना नाही, कबूल. तरी केली ना त्यांनी? आपल्या नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात नॅरोगेजची इंजिनं ठेवलीच आहेत की. पोरं चढतात, फोटो काढतात. त्यांना तर पाण्याचीही भीती नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाचं जहाज भंगारात जायला निघालं होतं, तर शाळेतल्या पोरांनी चिल्लर जमवली आणि १९६१ ला ते आपल्या राज्यात आणलं. ज्या वर्षी आपली विक्रांत मुंबईला आली, त्याच वर्षी. आपल्या शाळेत कोणी डबा फिरवला असता तर मी खाऊचे पैसे टाकले असते. ग्रुपवरच्या त्या शहाण्यानंही टाकले असते, त्याला ओळखते मी, दहावीच्या सहलीत स्वतःचा डबा दुसऱ्याला देणारा पोरगा होता तो. जाऊ द्या.

विक्रांतच्या लोखंडाचं पुढे काय झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे. २०१६ ला मोटारसायकल आली बाजारात. टाकीत तिचं लोखंड आहे अशी जाहिरात. मामाच्या शेजारच्या पोरानं घेतली आणि मोठ्या अभिमानानं दाखवायला आणली, "काका, तुमची विक्रांत!" मला वाटलं आता मामा भडकणार. तो उठला, चष्मा लावला, खाली वाकला. टाकीवर पेरानं ठोकलं. दोनदा. कान लावला.

मग विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

पोरगा खूश होऊन सांगत बसला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आज त्याला टेक्सासचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मला उगाच भीती वाटत होती. वाटलं, जखमेवर मीठ होईल. पण त्यानं तीनदा पाहिला. पहिल्यांदा फक्त दोर पाहिले. "पाह्य, कुठं सैल सोडला नाही. मागची टग ब्रेकसारखी धरून आहे." दुसऱ्यांदा पाण्याची रेषा पाहिली, किती बुडाली, किती वर आहे. मी सांगितलं की आधी कोळशावर चालायची, नंतर तेलावर केली, तर म्हणाला, "कोळसा! म्हणजे आमच्यापेक्षा बेक्कार हाल त्या पोरांचे." आणि १९४४ ला नॉर्मंडीत तोफा लांब पोहोचेनात म्हणून एका अंगाच्या टाक्यांत मुद्दाम पाणी भरून अख्खं जहाज कलतं केलं होतं, हे ऐकल्यावर तर मांडीवर थाप मारून हसला. किती दिवसांनी असा हसला तो. मामी आतून पाहायला आली काय झालं म्हणून.

मग मी पेटी उचलली. तो गेटपर्यंत आला. म्हणाला, डॉकमध्ये घेतली म्हणजे आता खालचं पाणी काढतील. मग दिसेल किती पातळ झाली ते. वरून काही कळत नाही.

"तळाचा फोटो आला की दाखवजो मला. रात्री आला तरी फोन कर. मी जागाच असतो."

तर ज्यांचे कोणी नातेवाईक ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टनकडे असतील त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. तळाचा फोटो पाहिजे. वरचा नको.